हूण, अटिला आणि मिहिरकुल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुप्तकाळावर किंवा रोमच्या पडझडीवर काहीही लिहिलं की हूणांबद्दलचे तेच तेच प्रश्न येतात. अर्धे युरोपातला हूण राजा अटिला याच्याबद्दल असतात, उरलेले भारतातला हूण राजा मिहिरकुल याच्याबद्दल, आणि बऱ्याच जणांनी दोघांना एकाच घोड्यावर बसवलेलं असतं. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हूण म्हणजे नेमके कोण?

इ. स. ३७० च्या सुमारास व्होल्गा नदीपलीकडून पश्चिमेकडे सरकलेले घोडेस्वार पशुपालक. त्यांनी आधी अलान टोळ्यांना आणि मग काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गॉथांना चेपलं. पळालेले गॉथ ३७६ मध्ये डॅन्यूबच्या काठावर आले आणि त्यांनी रोमकडे आसरा मागितला. रोमी अधिकाऱ्यांनी या निर्वासितांना इतकं लुबाडलं की ते बंड करून उठले, आणि ३७८ मध्ये आड्रियानोपलच्या लढाईत सम्राट व्हॅलेन्सच मारला गेला. हूणांचा पहिला मोठा तडाखा रोमला असा परभारे बसला.

‘हूण’ हा एकजिनसी वंश होता असं मात्र समजू नका. अटिलाच्या फौजेत गॉथ, गेपिड, अलान असे कितीतरी लोक होते, आणि त्याच्या दरबारात गॉथांची भाषा सर्रास चालायची.

२. चीनने ज्यांच्यामुळे भिंत बांधली ते शिओंग्नू म्हणजेच हूण का?

नावाचा संबंध बराच पक्का आहे. ३११ मध्ये शिओंग्नूंनी लोयांग शहर लुटलं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी एका सोग्दियन, म्हणजे मध्य आशियातल्या, व्यापाऱ्याने घरी धाडलेल्या पत्रात त्या हल्लेखोरांना ‘हून’ म्हटलं आहे. हे पत्र दुनहुआंगजवळ एका पहाऱ्याच्या बुरुजात सापडलं.

रक्ताचा संबंध मात्र विरळ आहे. शिओंग्नूंची मूळ सत्ता मोडली त्याला दोनशे वर्षं होऊन गेल्यावर हूण युरोपच्या वेशीवर दिसतात. हंगेरीच्या परिसरातल्या हूणकालीन थडग्यांच्या जनुकीय तपासणीत काही मोजक्या व्यक्तींचं नातं शिओंग्नूंच्या वरिष्ठ घराण्यांशी जुळलं, बहुतेकांचं जुळलं नाही. थोडक्यात, वरच्या थरात काही जुनी घराणी आणि खाली वाटेत सामील झालेली माणसं.

३. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले हूण आणि अटिलाचे हूण एकच का?

नाही. ‘रोममध्ये हरलेले हूण मग भारताकडे वळले’ किंवा ‘स्कंदगुप्ताने अटिलाला पिटाळलं’ असे संदेश फिरतात, ते सरळ पुसून टाका. अटिला ४५३ मध्ये हंगेरीच्या मैदानात मेला. भारतात आलेले हूण बॅक्ट्रिया, काबूल आणि गांधार या बाजूने आले. किदार, अल्खान आणि हेफ्थलाइट असे त्यांचे निरनिराळे गट होते. तोरमाण आणि त्याचा मुलगा मिहिरकुल हे अल्खान गटातले राजे. आपल्याकडच्या पुस्तकांत सगळ्यांना मिळून ‘श्वेत हूण’ म्हणायची पद्धत आहे, पण सहाव्या शतकातला ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस हे नाव हेफ्थलाइटांना देतो. ते भटके नाहीत, त्यांच्याकडे कायद्याचं राज्य आहे आणि ते इतर हूणांसारखे दिसत नाहीत, असंही तो आवर्जून सांगतो.

दोन्ही बाजूंनी एकच नाव वापरलं, कारण त्या नावाचा दरारा होता. दोन्हींवर हुकूम चालवणारा एक सम्राट कधीच नव्हता.

४. अटिला सत्तेवर कसा आला? त्याच्या आधी हूणांना राजा होता का?

चौथ्या शतकातला रोमी लेखक अमियानस म्हणतो की हूणांना राजाच नाही, वेळ पडेल तसे सरदार पुढे होतात. ४०० च्या सुमारास उल्दिन नावाचा सरदार दिसतो. त्याने गाइनास या बंडखोर सेनापतीचं डोकं कापून कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे पूर्व रोमी साम्राज्याच्या राजधानीला, भेट म्हणून धाडलं. पुढे रुआ नावाच्या राजाने बऱ्याच टोळ्या हाताखाली आणल्या. तो ४३४ च्या सुमारास मेल्यावर त्याचे पुतणे ब्लेडा आणि अटिला दोघे मिळून गादीवर बसले. ४४५ च्या आसपास अटिलाने थोरल्या भावाचा काटा काढला.

पण त्याची खरी पकड कळते ती पळपुट्यांवरून. रोमशी केलेल्या प्रत्येक तहात त्याचं पहिलं मागणं एकच : आमच्याकडून पळून तुमच्याकडे आलेली माणसं परत द्या. पूर्व रोमशी मार्गस इथे झालेल्या तहानंतर हूण राजघराण्यातली दोन मुलं अशी परत मिळाली. त्यांची नावं मामा आणि आताकाम. (हो, मामाच.) हूणांनी त्यांना तिथल्या तिथे सुळी दिलं. राजरक्ताचा माणूस शत्रूच्या घरी राहिला तर उद्या तोच दावेदार म्हणून परत येणार, हे अटिलाला पुरतं ठाऊक होतं.

५. अटिला प्रत्यक्षात कसा होता? त्याला पाहिलेल्या कोणी लिहून ठेवलंय का?

हो, आणि हे आपलं भाग्यच. ४४९ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलहून एक शिष्टमंडळ अटिलाकडे गेलं, त्यात प्रिस्कस नावाचा ग्रीक विद्वान होता. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पण मोठे तुकडे उरले आहेत.

अटिलाच्या मेजवानीचं त्याचं वर्णन वाचावं असं आहे. लाकडी वाड्यात अटिला मधल्या मंचकावर बसलेला, पाहुणे भिंतीकडेने मांडलेल्या आसनांवर. उजवी बाजू मानाची, डावी दुय्यम, आणि रोमी दूतांना डावीकडे बसवलेलं. पाहुण्यांपुढे चांदीच्या ताटांत पक्वान्नं आणि सोन्याचांदीचे पेले. अटिलापुढे लाकडी ताटात नुसतं मांस आणि लाकडी पेला. अंगावरचे कपडे साधे पण स्वच्छ. त्याच्या सरदारांच्या तलवारी, जोडे, घोड्यांचे लगाम सोन्याने मढवलेले, त्याच्या स्वतःच्या तलवारीवर आणि जोड्यांवर सोन्याचा ठिपका नाही. अंधार पडल्यावर दोन गायकांनी त्याच्या विजयांची कवनं म्हटली. ती ऐकून म्हाताऱ्या योद्ध्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग झेर्कोन नावाच्या ठेंगू विदूषकाने लॅटिन, हूण आणि गॉथ या तिन्ही भाषांची अशी खिचडी केली की सभा हसून लोळली. अटिलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. धाकटा मुलगा एर्नाक जवळ आला तेव्हा मात्र त्याने त्याचा गाल ओढून जवळ घेतलं आणि नजर निवळली. शेजारी बसलेल्या हूणाने प्रिस्कसला हळूच कारण सांगितलं : ज्योतिषांनी सांगितलंय, घराणं पडणार, पण या पोरामुळे पुन्हा उभं राहणार.

हा साधेपणा मला तरी हिशेबी वाटतो. सगळं सोनं वाटून टाकणारा आणि स्वतः लाकडी पेल्यातून पिणारा राजा सरदारांना बांधून ठेवतो.

म्हणून तो सज्जन होता असं मात्र नाही. याच प्रवासात प्रिस्कसला वाटेत नाइसस शहर लागलं, म्हणजे आजच्या सर्बियातलं निश. काही वर्षांपूर्वी हूणांनी ते फोडलं होतं. शहर ओस होतं, चर्चच्या आसऱ्याला थोडे आजारी लोक राहिले होते, आणि नदीकाठी इतकी हाडं पडली होती की दूतांना तंबू ठोकायला वरच्या बाजूला स्वच्छ जागा शोधावी लागली.

६. हूण कच्चं मांस खायचे, घोड्यावरच झोपायचे, हे खरं का?

हे सगळं अमियानसचं. मांडी आणि घोड्याची पाठ यांच्यामध्ये मांस ठेवून ते जरा कोमट करतात आणि खातात, असं तो लिहितो. त्याने हूणांची वस्ती पाहिल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि भटक्या लोकांबद्दलचे असे वाक्प्रयोग ग्रीक-रोमी लेखनात त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आले होते. उत्खननात हूणांचे तांब्याचे भलेमोठे रांजण सापडतात. रांजण कशाला लागतात हे कोणाही गृहिणीला विचारा.

लुटले गेलेले लोक लुटणाऱ्याचं चित्र असंच रंगवतात. बंगालच्या अंगाईगीतातले ‘बर्गी’ आठवा : तिथल्या आईने पोराला ज्यांची भीती घातली ते आपल्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार होते.

एक विचित्र वाटणारी गोष्ट मात्र खरी आहे. काही हूण तान्ह्या बाळाचं डोकं पट्ट्याने आवळून लांबट करत. अशा कवट्या युरोपात सापडल्या आहेत आणि अल्खान राजांच्या नाण्यांवरही तसेच उंच माथे दिसतात.

७. इतक्या मोठ्या फौजांपुढे ते भारी कसे पडायचे? रिकिबींमुळे का?

रिकिबींमुळे नाही. हूणांकडे रिकीब असल्याचा पुरावा नाही. युरोपात ती नंतर, सहाव्या शतकात अवार नावाच्या भटक्या लोकांबरोबर दिसू लागते.

त्यांचं खरं हत्यार धनुष्य. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायुतंतू सरसाने चिकटवून केलेलं, हाडाच्या पट्ट्यांनी ताठ केलेलं आणि वरची बाजू खालच्यापेक्षा लांब, म्हणजे घोड्यावर बसून फिरवताना आडवं येत नाही. असं एक धनुष्य बनवायला महिनोन्महिने लागत. दुसरं बळ घोड्यांच्या संख्येत : प्रत्येक स्वाराबरोबर बदलीचे घोडे. तिसरं, खोटी माघार. पाठलाग करणारा विस्कटला की उलटून घाव. जवळच्या झटापटीत ते फासही टाकत.

नुसते घोडेस्वार तट फोडू शकत नाहीत, हे खरं. म्हणून नाइससला त्यांनी चाकांवरचे मनोरे आणि धडका देणारे ओंडके आणले. ही विद्या रोमी कैद्यांकडून आणि पळून आलेल्यांकडून शिकलेली असावी. हूणांकडे रोमी माणसं किती होती, याची कल्पना प्रिस्कसच्या एका गोष्टीवरून येते. अटिलाचा मुख्य सरदार ओनेगेसियस याने सिर्मियमहून पकडून आणलेल्या एका कारागिराकडून दगडी स्नानगृह बांधून घेतलं. काम झाल्यावर सुटका होईल या आशेने त्या बिचाऱ्याने ते मन लावून बांधलं. ओनेगेसियसने त्यालाच तिथे न्हाणीवाला म्हणून नेमलं.

८. अटिलाने रोम जिंकलं का?

नाही. रोम ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी लुटलं आणि ४५५ मध्ये व्हॅन्डलांनी. अटिला रोमपर्यंत पोचलाच नाही, आणि कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तटाला त्याने हात लावला नाही. ४४७ मध्ये भूकंपाने तो तट कोसळला होता, पण नागरिकांनी साठ दिवसांत तो पुन्हा उभा केला.

त्याचा खरा धंदा खंडणीचा. रुआच्या काळात पूर्व रोमी साम्राज्य वर्षाला ३५० रोमी पौंड सोनं देत होतं. मार्गसच्या तहात ते ७०० झालं. हा तह हूणांनी घोड्यावर बसूनच केला, म्हणून रोमी दूतांनाही खोगिरावरून उतरता आलं नाही. ४४० च्या दशकात आकडा २१०० पौंडांवर गेला, म्हणजे साधारण ६९० किलो, शिवाय मागची बाकी म्हणून एकरकमी ६००० पौंड. जमीन घेऊन कारभार चालवण्यात त्याला रस नव्हता. दर दोन-चार वर्षांनी एखादा प्रांत जाळायचा, दर वाढवून घ्यायचा आणि आलेलं सोनं सरदारांत वाटायचं. या व्यवहारात बदनामी हे भांडवलच होतं. हूण येताहेत एवढी हूल उठली तरी खजिन्याची दारं उघडत.

९. अटिलाच्या खुनाचा कट झाला होता म्हणतात. काय भानगड होती?

प्रश्न ५ मधल्या शिष्टमंडळाचीच ही दुसरी बाजू. सम्राट दुसरा थिओडोसियस याचा खास माणूस ख्रिसाफियस याने अटिलाच्या एडेको नावाच्या सरदाराला फोडायचा बेत केला. पहारेकऱ्यांना वाटायला ५० पौंड सोनं ठरलं. दुभाषा विगिलास कटात सामील होता. प्रिस्कसला आणि मुख्य दूत मॅक्सिमिनसला यातलं काही माहीत नव्हतं. एडेकोने परत येताच सगळं अटिलाला सांगून टाकलं.

अटिलाने तिथल्या तिथे गर्दन मारली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. तो थांबला. विगिलासला सोनं आणायला जाऊ दिलं. तो थैली घेऊन परतला तेव्हा त्याला पकडलं आणि त्याच्या मुलावर तलवार रोखून कबुली घेतली. मग सोडण्यासाठी आणखी ५० पौंड मागितले. त्यानंतर ओरेस्टेस आणि एस्लास हे दूत कॉन्स्टॅन्टिनोपलला गेले. ओरेस्टेसच्या गळ्यात तीच थैली अडकवलेली. भर दरबारात त्याने ख्रिसाफियसला विचारायचं, ही ओळखीची वाटते का? आणि एस्लासने सांगायचं : थिओडोसियस थोर बापाचा मुलगा आहे, अटिलाही थोर बापाचा. पण खंडणी देऊन थिओडोसियस अटिलाचा दास झाला, आणि दासाने धन्यावर चोरून वार करू नये.

हा ओरेस्टेस लक्षात ठेवा. पश्चिमेचा शेवटचा सम्राट रोमुलस ऑगस्टुलस हा त्याचाच मुलगा.

१०. ४५१ च्या लढाईत अटिला हरला का?

त्याला माघार घ्यावी लागली, फौज मात्र शाबूत राहिली. त्या वर्षी तो गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये शिरला. मेट्झ जाळलं, ऑर्लिअँला वेढा घातला. मग कातालाउनी मैदानात त्याची गाठ रोमी सेनापती एटियस आणि व्हिसिगॉथांचा राजा थिओडोरिक यांच्याशी पडली. थिओडोरिक मारला गेला. अटिलाने छावणीत खोगिरांची चिता रचून ठेवली, पकडले जायची वेळ आली तर स्वतःला जाळून घ्यायला, असं इतिहासकार जोर्दानेस सांगतो. तो शंभर वर्षांनंतरचा आणि गॉथांचा अभिमानी, तेव्हा त्याच्या आकड्यांवर विसंबू नका. दोन्ही बाजूंनी गॉथ लढले होते, हे मात्र ध्यानात ठेवा.

गंमत एटियसची. तारुण्यात तो हूणांकडे ओलीस होता, आणि नंतर वीसेक वर्षं त्याची सगळी सत्ता भाड्याच्या हूण फौजेवर उभी होती. अटिलानेही पाठलाग न झाल्याचा फायदा घेतला आणि पुढच्याच वर्षी इटलीत उतरला.

११. पोप लिओने नुसत्या शब्दांनी अटिलाला परतवलं, हे खरं का?

४५२ मध्ये भेट झाली हे खरं. लिओबरोबर आणखी दोन बडे रोमी अधिकारी होते, ते चित्रांतून गळतात. त्या वर्षी इटलीत दुष्काळ होता, हूण छावणीत रोगराई पसरली होती आणि पूर्वेकडचा नवा सम्राट मार्सियन याची फौज डॅन्यूबपलीकडे हूणांच्या मुलखात घुसली होती. परतायला एवढं पुरेसं आहे. मात्र त्याआधी अक्विलेया शहर त्याने जमीनदोस्त केलं होतं.

याच स्वारीतली एक गोष्ट लोकांना कमी माहीत आहे. मिलानमध्ये त्याला एक चित्र दिसलं : रोमी सम्राट सोन्याच्या सिंहासनावर आणि पायाशी भटक्या टोळ्यांची प्रेतं. त्याने ते फाडलं नाही. चितारी बोलावला आणि आपल्याला सिंहासनावर बसवून सम्राट पायाशी सोन्याची पोती ओतताहेत, असं काढून घेतलं. आपली प्रतिमा कशी दिसते याकडे त्याचं किती लक्ष होतं, ते यावरून समजावं.

१२. ‘देवाचा आसूड’ हे नाव त्याला कोणी दिलं?

त्याच्या हयातीत कोणीच नाही. हे बिरुद मध्ययुगातल्या संतचरित्रांतून रुळलं. आमच्या गावावर संकट आलं, आमच्या बिशपने ते परतवलं, अशी गोष्ट सांगायची तर संकट मोठं हवं. पुढे तर अटिलाच ‘मी देवाचा आसूड’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणू लागला.

त्याने स्वतः पसरवलेली कथा वेगळी. एका गुराख्याची कालवड लंगडताना दिसली, रक्ताचा माग काढत तो गेला तर गवतात तलवार सापडली. ती त्याने अटिलाला दिली आणि अटिलाने ती युद्धदेवतेची म्हणून मिरवली.

जर्मन भाषेतल्या जुन्या महाकाव्यात हाच अटिला ‘एत्झेल’ नावाने येतो, आणि तिथे तो उदार, पाहुणचार करणारा, जरासा हतबल राजा आहे. बदनामी सगळीकडे सारखी नव्हती.

१३. तो लग्नाच्या रात्री मेला, बायकोने मारलं का? आणि त्याचं थडगं नदीखाली आहे का?

४५३ मध्ये इल्डिको नावाच्या तरुणीशी लग्न झालं त्याच रात्री तो मेला. प्रिस्कसच्या आधारे जोर्दानेस सांगतो की खूप पिऊन उताणा पडल्यावर नाकातून रक्त सुटलं आणि ते घशात जाऊन तो गुदमरला. अंगावर जखम नव्हती, नवरी शेजारी रडत बसली होती. बायकोने मारल्याची अफवा सहाव्या शतकातल्या एका बखरीत येते. हूणांनी शोक करताना केस कापले आणि चेहरे चिरून घेतले, कारण असल्या योद्ध्यासाठी बायकी आसवं नकोत, पुरुषांचं रक्त हवं.

सोनं, चांदी आणि लोखंडाच्या तीन आवरणांतली शवपेटी आणि पुरणाऱ्यांची कत्तल, ही कथा जोर्दानेसची. नदी वळवल्याचा तपशील त्यात नाही, तो व्हिसिगॉथ राजा अलारिकच्या दफनाच्या कथेतून इकडे आला. थडगं आजवर सापडलेलं नाही.

१४. एवढं साम्राज्य दोन वर्षांत कोसळलं कसं?

प्रश्न ८ वाचला असेल तर उत्तर हाती आहे. ४५० मध्ये थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला आणि मार्सियनने खंडणी बंद केली. गॉल आणि इटलीतून अपेक्षेएवढं मिळालं नाही. वाटायला सोनं कमी, वाटून घ्यायला मुलगे पुष्कळ. त्या मुलांनी टोळ्यांचीच आपसात वाटणी मांडली तेव्हा अटिलाचा विश्वासू गेपिड राजा आर्दारिक उठला आणि ४५४ मध्ये नेडाओ नदीवर थोरला मुलगा एल्लाक पडला. दुसरा मुलगा डेंगिझिक याचं डोकं ४६९ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या रस्त्यांतून मिरवलं गेलं.

१५. स्कंदगुप्ताने हूणांना कायमचं रोखलं का?

कायमचं नाही. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यात भितरी इथे त्याचा स्तंभलेख आहे. हूणांशी युद्धात भिडताना त्याच्या बाहूंनी धरणी कापली, असं तो सांगतो. स्कंदगुप्ताची कारकीर्द ४५५ ते ४६७ च्या सुमाराची. त्या तडाख्याने साधारण तीसेक वर्षांची उसंत मिळाली. मग तोरमाण थेट माळव्यापर्यंत आला.

१६. मिहिरकुल खरंच तेवढा क्रूर होता का?

सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावर होतात. आधी साक्षीदार कोण ते पाहू.

त्याच्या काळातला पुरावा म्हणजे नाणी आणि शिलालेख. ग्वाल्हेरचा लेख त्याच्या १५ व्या राज्यवर्षातला आहे आणि मातृचेट नावाच्या माणसाने बांधलेल्या सूर्यमंदिराची नोंद करतो. त्यात राजाची नेहमीसारखी स्तुती आहे. नाण्यांवर बैल आणि ‘जयतु वृष’. माळव्याचा राजा यशोधर्मन याचा लेख, म्हणजे शत्रूचाच, म्हणतो की मिहिरकुलाने शिवाखेरीज कोणापुढे मान लववली नव्हती. ५२० मध्ये गांधारात आलेला चिनी यात्रेकरू सोंग युन तिथल्या हूण राजाला क्रूर म्हणतो. काश्मीरशी त्याचं युद्ध चालू होतं आणि त्याच्याकडे ७०० युद्धहत्ती होते. राजाचं नाव तो देत नाही, पण तो मिहिरकुल असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

दुसरा साक्षीदार ह्युएनत्संग, सुमारे शंभर वर्षांनंतरचा. मिहिरकुलाने बौद्ध धर्म समजून घ्यायला आचार्य मागवला, संघाने त्याच्याच घरातला एक जुना नोकर भिक्षू म्हणून पाठवला, तो अपमान वाटून त्याने विहार उद्ध्वस्त करायचा हुकूम सोडला, अशी त्याची कथा. गांधारात १६०० स्तूप आणि विहार पाडल्याचं तो सांगतो.

तिसरा कल्हण, बाराव्या शतकातला, म्हणजे सहाशे वर्षांनी. त्याच्या राजतरंगिणीत मिहिरकुल ‘तीन कोटी माणसं मारणारा’ आहे. तो येतोय हे लोकांना त्याच्या फौजेपुढे उडणाऱ्या गिधाड-कावळ्यांवरून कळायचं. पीर पंजालच्या घाटात एक हत्ती कड्यावरून कोसळला, त्याचा चीत्कार राजाला इतका आवडला की त्याने आणखी शंभर हत्ती ढकलायला लावले. राणीच्या चोळीवर सोनेरी पाऊल उमटलेलं पाहून तो भडकला. ते सिंहली कापड आहे आणि त्यावर तिथल्या राजाच्या पावलाचा ठसा असतो, असं कळताच त्याने सिंहलावर स्वारी केली. याच कल्हणाने मिहिरकुलाचा काळ हजारेक वर्षं मागे ढकलला आहे आणि त्याने श्रीनगरात मिहिरेश्वराचं देऊळ बांधल्याचंही सांगितलं आहे.

माझं मत असं. तो कठोर होता आणि बौद्ध विहारांना त्याचा जाच झाला, हे एकमेकांपासून लांबच्या साक्षींतून दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १६०० आणि तीन कोटी हे आकडे रागाचे आहेत. तक्षशिलेची सगळी राख हूणांच्या माथी मारणारा जुना निष्कर्षही आता अनेक अभ्यासकांना पटत नाही.

१७. मिहिरकुलाला नेमकं कोणी हरवलं, यशोधर्मनाने की बालादित्याने?

मंदसौरजवळ सोंधनी इथले यशोधर्मनाचे स्तंभलेख श्रेय त्याला देतात. वासुल नावाच्या कवीने रचलेल्या या प्रशस्तीत मिहिरकुल त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो. यशोधर्मनाचा दुसरा एक लेख ५३२ चा आहे, त्यावरून काळाचा अंदाज येतो.

बालादित्याची कथा फक्त ह्युएनत्संग सांगतो. मगधाच्या बालादित्याने मिहिरकुलाला पकडलं, लाजेने त्याने तोंडावर वस्त्र ओढलं, आणि राजमातेच्या सांगण्यावरून त्याला जीवदान मिळालं. हा बालादित्य म्हणजे नरसिंहगुप्त असं सहसा मानतात. दोन्ही पराभव वेगवेगळ्या वेळी झाले असतील. पण समकालीन कोरीव लेख आणि शतकानंतरची ऐकीव कथा यांत निवडायचं तर मी लेखाच्या बाजूने.

या दोघांच्या भांडणात माळव्याचाच आधीचा राजा प्रकाशधर्मन विसरला जातो. ५१५ च्या रिस्थल लेखानुसार त्याने मिहिरकुलाच्या बापाला, तोरमाणाला हरवलं आणि त्याच्या हत्तींच्या दातांची आसनं करून तपस्व्यांना दिली.

१८. हूण महाराष्ट्रात आले होते का?

तसा शिलालेख किंवा ताम्रपट नाही. त्यांच्या सत्तेच्या जवळच्या खुणा गुजरातेत संजेली इथे तोरमाणाच्या काळातल्या ताम्रपटांत आणि मध्य प्रदेशात सापडतात. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सागर जिल्ह्यातल्या एरणला जा. बीना जंक्शनवरून जवळ आहे. तिथे वराहाची प्रचंड मूर्ती आहे, सबंध अंगावर ऋषींच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या, आणि तिच्या छातीवर तोरमाणाच्या पहिल्या राज्यवर्षातला लेख. मूर्ती घडवणारा धन्यविष्णू हा स्थानिक अधिकारी. त्याचा भाऊ मातृविष्णू गुप्तांचा मांडलिक होता. राज्य बदललं, देऊळ बांधणारं घराणं तेच राहिलं. त्याच गावात ५१० चा भानुगुप्ताचा लेखही आहे : लढाईत पडलेल्या गोपराजाची आणि सती गेलेल्या त्याच्या पत्नीची नोंद.

१९. राजपूत, गुर्जर किंवा हंगेरियन लोक हूणांचे वंशज आहेत का?

हूण भारतात मिसळून गेले हे नक्की. ३६ राजपूत कुळांच्या याद्यांत ‘हूण’ येतं, आणि कलचुरी राजा कर्ण याची राणी आवल्लदेवी हूण घराण्यातली होती. पण एवढ्यावरून एखादी आख्खी जात हूणांपासून उपजली म्हणणं म्हणजे वसाहतकाळातली अटकळ पुन्हा उगाळणं.

हंगेरीत अटिला हे मुलांचं नेहमीचं नाव आहे. तिथले मग्यार मात्र ८९५ च्या सुमारास आले, म्हणजे अटिलानंतर सुमारे चारशे चाळीस वर्षांनी. नातं जोडलं ते मध्ययुगीन बखरकारांनी.

२०. पहिल्या महायुद्धात जर्मनांना ‘हूण’ का म्हणायचे?

कैसर दुसरा विल्हेल्म याच्या तोंडामुळे. २७ जुलै १९०० रोजी ब्रेमरहाफेनला, चीनकडे निघालेल्या सैनिकांपुढे, एत्झेल राजाच्या हूणांनी नाव गाजवलं तसं तुम्ही गाजवा, असं तो म्हणाला. चौदा वर्षांनी ब्रिटिश प्रचारकांनी ते त्याच्याच देशाला चिकटवलं. बाकी जर्मन आणि हूण यांचा एवढाच संबंध.

२१. अटिलाची नेतृत्वावरची वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ती खरी का?

नाहीत. हूणांनी स्वतः लिहिलेलं काहीच उरलेलं नाही, आणि व्यवस्थापनावरच्या पुस्तकांतली त्याची सुभाषितं त्या त्या लेखकांची आहेत. ‘माझा घोडा जिथे पाय ठेवतो तिथे गवत उगवत नाही’ हेही समकालीन कोणी नोंदलेलं नाही, नंतरच्यांनी त्याच्या तोंडी घातलं. त्याच्या बोलण्याची कल्पना यायला जवळचं काही हवं असेल तर प्रश्न ९ मधला एस्लासचा निरोप वाचा. तोही आपल्यापर्यंत ग्रीकमधून, प्रिस्कसच्या हातून आला आहे.